सगळ्यांचं हो

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या मॅडमना स्टाफरूममध्ये पाठीमागे ‘गोलमेज’ म्हणत. वर्गात गेल्या की आधी बाकं ओढून गोल करायचा, मग प्रत्येकाच्या गळ्यात एकेक देश बांधायचा आणि द्यायचं सोडून भांडायला, अशी त्यांची शिकवायची तऱ्हा. खालच्या मजल्यावरचे अर्थशास्त्राचे सर विचारायचे, “काय, महायुद्ध संपलं का?” मॅडम हसून घ्यायच्या. कंत्राटी माणसाला सगळंच हसून घ्यावं लागतं.

नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर त्यांच्या कंत्राटावर उभं होतं आणि कंत्राट विभागप्रमुखांच्या सहीवर. यंदा प्रमुखांनी स्पष्टच सांगितलं, “तुमच्या त्या गोलात गप्पा फार, हाती काही लागत नाही. मी येऊन बसतो. तास संपायच्या आत करार झालेला दाखवा, मग पुढच्या वर्षाचं बघू.”

झाली पंचाईत. कारण मॅडमच्या वर्गात करार व्हायचा तो एकाच नियमाने: सगळ्यांचं हो, तरच हो. चार बडबड्यांनी आपसात ठरवून मोकळं होऊ नये, गप्प बसणाऱ्याचंही मत घ्यावंच लागावं, म्हणून त्यांनीच तो केला होता. त्या नियमावर त्यांचा जीव होता.

तरी त्यांनी सोपा प्रश्न निवडला. तेलवाल्या देशाचं तेल रेल्वेने बंदरवाल्या देशात न्यायचं. मध्ये डोंगरवाला देश, बिचाऱ्याला समुद्रच नाही. तो त्यांनी ‘कुजबुज’ला दिला. ही दाराजवळ बसणारी मुलगी इतकं हळू बोलायची की वर्गाने नावच तसं ठेवलं होतं. तिच्यावर बोलायची पाळी कमी यावी म्हणून मॅडम तिला नेहमी एखादा किरकोळ देश द्यायच्या. मायेनेच द्यायच्या.

तेलवाला आणि बंदरवाला बराच वेळ भाव करत बसले. शेवटी जमलं. प्रमुख मागे खुर्चीत बसून मान डोलावत होते. बंदरवाला पोरगा म्हणाला, “डोंगरवाल्यांना भाडं देऊ. चालेल ना?”

“नाही,” कुजबुज म्हणाली.

“काय?”

“भाडं नको. आमच्या लोकांना तुमच्या बंदरावर यायला परवाना लागतो, तो काढून टाका. मग रूळ घाला.”

वर्ग हसला. बंदरवाला म्हणाला, “उद्या सगळा डोंगरच खाली उतरेल.”

“मग तेल डोक्यावरून न्या.”

आता हसू फिरलं ते बंदरवाल्यावर. मॅडमच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं बाकं ओढली ती याच क्षणासाठी. पोरं बाकं सरकवून पुढे आली, नकाशावर वाकली, कुणी परवान्याऐवजी ओळखपत्र सुचवलं, कुणी ते खोडून काढलं. कुजबुज हटेना. तिची बाजू होतीही बिनतोड.

प्रमुखांनी घड्याळात पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं.

मॅडम उठल्या आणि तिच्या बाकाशी जाऊन बसल्या. “अगं, थोडं नमतं घे,” त्या हळूच म्हणाल्या.

“का, मॅडम? माझं काही चुकतंय का?”

“चुकत नाहीये.”

“नियम तर तुम्हीच केलाय.”

मॅडमची नजर प्रमुखांच्या खुर्चीकडे गेली. खोटं बोलायचं तरी काय बोलायचं? मुलीने मागच्या खुर्चीकडे नजर टाकली, परत मॅडमच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. स्टाफरूममधल्या गोष्टी पोरांना आधी कळतात.

“हो म्हण ना,” मॅडम म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही.

“हो,” मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “भाडं चालेल.”

टाळ्या पडल्या. प्रमुखांनी जाता जाता मॅडमची पाठ थोपटली, “याला म्हणतात सर्वसमावेशक शिक्षण.” दुसऱ्या दिवशी सही झाली. घरी नवऱ्याने चहा करून हातात दिला, सासूबाईंनी नि:श्वास सोडला. मॅडमनी तो चहा तसाच ओट्यावर ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी भरपाई करायची ठरवली. नवा प्रश्न, नवे देश. सगळ्यात बलाढ्य देश, फौज-खजिना-आरमार सगळं असलेला, त्यांनी कुजबुजला दिला. “आज तुझ्यावाचून पान हलणार नाही,” त्या म्हणाल्या. “कुणाचं ऐकायचं नाही. माझंसुद्धा नाही.”

तिने मान डोलावली. प्रमुख बाहेरगावच्या दोन पाहुण्यांना घेऊन मागे येऊन बसले. समोरच्या इटुकल्या देशाने आपली मागणी घाबरत घाबरत वाचायला घेतली. ती अर्धीही झाली नव्हती, तोच मुलीने मागच्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं.

“हो,” बलाढ्य देश म्हणाला.

“अगं, ऐकून तरी घे पूर्ण,” मॅडम म्हणाल्या.

“नको, मॅडम. आमचं हो आहे.”

मागून प्रमुखांनी पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं, “बघा, आता तर मुलं वेळसुद्धा घेत नाहीत.” मॅडमनी हसून घेतलं.