बाईंची पाळी

"डोळे मीट, हात घाल आणि बोल इंग्रजीत!"

पोरगं पिशवीत चाचपडलं. "स्पून!" मग पिशवीतले सगळे चमचे काढून वर्गाने टाळ्यांवर मोजले. वन, टू, थ्री.

मी या शाळेची मावशी. झाडू माझा, घंटाही माझी. इंग्रजीच्या बाईंचा हा खेळ दारातून बघून बघून मलाही ट्वेंटीपर्यंत येतं. नियम एकच. कोणाला शब्द अडला तर हसायचं नाही, सांगायचंही नाही. सगळ्यांनी करून दाखवायचं. घंटेपर्यंत आला तर ठीक, नाही तर पिशवी दुसऱ्याकडे.

हल्ली बाईंचेच शब्द हरवायला लागले होते. खडूला "ते पांढरं" म्हणायच्या. कोणीतरी चुगली केली, मेल्याची जीभ झडो, आणि आज मुख्याध्यापिका, आमच्या मोठ्या बाई, मागच्या बाकावर येऊन बसल्या. "निवृत्तीला वर्ष राहिलंय हो मावशी, तेवढं वर्गातच जाऊ दे," सकाळीच बाई म्हणाल्या होत्या.

सगळं झकास चाललेलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या चिमणीने स्वतःचा कंगवा पिशवीत सरकवला. "बाई, आता तुमची पाळी!"

बाईंनी हसत डोळे मिटून हात घातला. हसू तसंच राहिलं. शब्द येईना.

कोणी हसलं नाही. चिमणी केसांतून हात फिरवायला लागली, मग तिची शेजारीण, मग अख्खा वर्ग. बाईंनी कंगवा बाहेर काढून उलटसुलट पाहिला. ओठ नुसते हलले. मला येत होता तो शब्द, पण नियम म्हणजे नियम, नाही सांगितला.

शाळा सुटायची वेळ झाली. मी घंटेची हातोडी धरून दारात तशीच उभी. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बघा म्हटलं, खुशाल बघा, नाही देत घंटा! आणि काय सांगू, त्यांचाही हात हळूच केसांकडे गेला.

बाईंनी ते पाहिलं. कंगवा चिमणीला परत दिला.

"मावशी, घंटा द्या. झाली वेळ."

"थांबा की जरा, बाई."

"नियम आहे ना?"

दिली घंटा. डोळे पुसत दिली. बाई मागच्या बाकाशी गेल्या आणि पिशवी मोठ्या बाईंच्या हातात ठेवली. "उद्यापासून तुम्ही खेळा. फक्त अडलेल्याला हसायचं नाही हं."

पोरं दप्तरं घेऊन निघाली. पार फाटकापर्यंत ती मागे वळून बाईंकडे बघत होती, केसांतून हात फिरवत.