वर मुंगी, खाली तांबडी, मधे मी

मित्रांनो, तुम्ही घोडा पाहिला असेल. घोड्यावर ऐटीत बसलेला माणूसही पाहिला असेल. पण त्या दोघांच्या मधे कोण असतं, याची कधी चौकशी केलीत का? तिथे मी असतो. मी एक जुनं खोगीर. कडा झिजलेलं, एका बाजूला ठिगळ लावलेलं, पण अजून सांगाड्याने खणखणीत! वरचा माणूस किती घाबरलाय ते मला कळतं आणि खालचा घोडा काय सोसतोय तेही. दोघांची गुपितं पोटात ठेवायची म्हणजे काही खायचं काम नाही. आज मात्र त्यातलं एक सांगतोच.

लाकडी सांगाड्यावर जाड चामडं ताणून एका कारागिराने मला शिवलं. त्याचं सगळं लक्ष माझ्यावर वेलबुट्टी काढण्यात. त्याची बायको शेजारी बसून माझ्या पोटात लोकर भरत होती. ती म्हणाली, "अहो, वरचं कौतुक पुरे झालं. खालून घोड्याला टोचलं, तर ती वेलबुट्टी काय चाटायचीय?" आणि भरलेली सगळी लोकर बाहेर काढून, एकेक गाठ बोटांनी सोडवून, तिने ती पुन्हा भरली. म्हणून कुणी फालतू गोष्टींना 'खोगीरभरती' म्हटलं ना, की माझं डोकंच फिरतं. अरे, एकदा खोगीर भरून तर बघा!

घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेने मला विकत घेतलं. शाळा चालवायचे एक भाऊ आणि बहीण. भाऊ खाणंपिणं, नाल, डागडुजी बघायचा. त्याला सगळे मालक म्हणायचे. बहीण शिकवायची. ती सगळ्यांची बाई. आवाज असा, की तिने "पाठ सरळ!" म्हटलं, की कुंपणापलीकडून जाणारा सायकलवालासुद्धा ताठ बसायचा. मला तांबडी नावाच्या घोडीच्या पाठीवर चढवलं आणि आमची जोडी जमली ती जमलीच.

तांबडी हुशार होती. जरा जास्तच. माझा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, कुणी ओढायला लागलं की ही पोट फुगवून उभी. आवळून झालं की हळूच श्वास सोडणार. मग मी सैल आणि स्वार आडवा! पण ही तिची गंमत झाली. खरी अडचण होती पुलाची. मैदानाच्या टोकाला एक नाला होता आणि त्यावर फळ्यांचा छोटासा पूल. बाकीचे घोडे खडखड करत निघून जायचे. तांबडी मात्र फळीपाशी आली की खांब. वरचा स्वार टाचा मारायचा आणि पडू नये म्हणून लगामही खेचायचा. तोंडातल्या लोखंडाने तिचे जबडे ठणकायचे, मान आभाळाकडे जायची, ती मागे मागे सरकायची आणि शेवटी स्वार जमिनीवर. हे मी कितीदा अनुभवलं, काय सांगू!

हळूहळू तिच्यावर बसायला कुणी तयार होईना. साहजिकच मलाही कुणी विचारीना. माळ्यावर पडून मला बुरशी आली, उंदरांनी एक पट्टा कुरतडला. तांबडी खाली तबेल्यात आणि मी वर अंधारात. फार वाईट दिवस होते ते.

अशात मुंगी शिकायला आली. अंगाने बारीक, म्हणून तिच्या दादाने ठेवलेलं हे नाव. तिची आई लोकांना मोटार चालवायला शिकवायची. मुंगीला हवी होती तांबडीच. का, तर पहिल्या दिवशी तिने सगळ्या घोड्यांपुढे हात धरला आणि एकट्या तांबडीने तो हुंगून तिच्या तळहातावर गरम श्वास सोडला. झालं! बाईने मला माळ्यावरून उतरवलं. मुंगीने मला तेल लावलं, ठिगळही तेव्हाचंच. आणि पहिल्याच आठवड्यात ती पुलापाशी सपशेल आपटली.

त्यानंतर मुंगी पुन्हा वर बसली खरी, पण तिची भीती माझ्या चामड्यातून आरपार जायची. दोन्ही हातांनी लगाम गच्च. बाई ओरडायची, "अगं, लगाम म्हणजे बसमधली दांडी नाही लोंबकळायला!"

कुंपणाशी उभी असलेली आई म्हणाली, "मुंगे, तू ब्रेकही दाबतेस आणि ॲक्सिलरेटरही. गाडी बंदच पडणार."

"गाडीला तोंड नसतं हो," बाई म्हणाली, "हिला आहे. आणि ते दुखतं."

मुंगीचा चेहरा एवढासा झाला. आपल्या भीतीमुळे कुणाला तरी दुखतंय, हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

बाईने मग तिच्या हातातला लगामच काढून घेतला. लांब दोरीला धरून तांबडीला गोल फिरवायची आणि मुंगीने दोन्ही हात पसरून नुसतं बसायचं. आधी किंकाळ्या, मग नुसते "अगं आई गं", आणि एके दिवशी चक्क हसू. आधी माझ्यावर धपाधप आपटणारी मुंगी आता चालीबरोबर वरखाली व्हायला लागली. मला आणि तांबडीला एकदमच हायसं वाटलं. तंग आवळतानाही मुंगी थांबायची. म्हणायची, "सोड गं श्वास, मला घाई नाही." तांबडीने थोडे दिवस वाट पाहिली आणि पोट फुगवणंच सोडून दिलं. एवढी आदबीने वागणारी गिऱ्हाईकं तिला नवीन होती.

पण मालकांचा धीर संपत आला होता. वीटभट्टीवाला त्यांच्याकडे विटांच्या गाडीला जुंपायला घोडी मागत होता. मालक बाईला म्हणाले, "ताई, वार्षिक फेरीत सगळ्यांसमोर हिने पूल ओलांडला तर राहील. नाहीतर मी शब्द देऊन टाकणार." मुंगीने ते ऐकलं. त्या दिवशी तिने तांबडीला इतका वेळ खरारा केला, की घोडी आरशासारखी चमकायला लागली. मग मला पुसताना मुंगीचे अश्रू माझ्या वेलबुट्टीवर पडले.

एकदा सरावानंतर बाईने तिला सांगितलं, की तांबडीला नाल्यापलीकडे गवतावर ने, वळसा घालून. मुंगी दोर धरून निघाली. पुलापाशी तिच्या बुटाची नाडी सुटली. ती खाली बसली आणि हातातला दोर सैल पडला. तांबडीने मान खाली घातली. पार जमिनीपर्यंत. फळ्या हुंगल्या, फुर्रकन फुंकर मारली, एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. आणि ठक, ठक, ठक, बाईसाहेब निघाल्या पलीकडे! मुंगी अर्धी नाडी हातात धरून लंगडत मागोमाग.

"अगं बाई! तुला नुसतं बघायचं होतं होय!"

मित्रांनो, घोड्याला पायाखालचं नीट बघायला मान खाली घ्यावी लागते. आणि पूल आला, की प्रत्येक स्वार घाबरून तिची मान वर खेचत होता. न बघता पाय टाक, असंच सांगत होता म्हणा ना! मुंगीने हे सांगितल्यावर बाईने कपाळावर हात मारला. "आणि मी इकडून ओरडतेय, धर लगाम, धर लगाम!"

पण कळणं वेगळं आणि वर बसून करणं वेगळं. सरावात पूल जवळ आला, की मुंगीची बोटं आपोआप आवळायची. फेरीच्या दिवसापर्यंत ते काही जमलं नाही.

फेरीला कुंपणाभोवती ही गर्दी! वीटभट्टीवाला पहिल्या रांगेत, दोर खांद्यावर टाकूनच आलेला. आम्ही वळणं घेतली, दुडक्या चालीत खांबांमधून गेलो, सगळं झकास. मग पूल. तांबडी थांबली. मुंगी माझ्यावर आक्रसून बसली आणि तिची बोटं लगामावर आवळली. "खेच! टाच मार!" कुंपणावरून आरडाओरडा सुरू झाला.

तिने एक खोल श्वास घेतला. तो माझ्यातून खाली तांबडीपर्यंत पोचला. आणि तिने बोटं उघडली. लगाम सरकत सरकत लांब झाला, तांबडीची मान खाली गेली. वर बसलेल्याला तेव्हा पुढे घोडाच दिसत नाही, नुसता खड्डा दिसतो! मुंगी हलली नाही. बाईने गर्दीकडे वळून असा आवाज दिला, "गप्प बसा सगळे!" की वाऱ्यानेही ऐकलं असेल. तांबडीने हुंगलं, फुंकर मारली, एक डोळा, दुसरा डोळा.

ठक.

ठक, ठक, ठक! आम्ही पलीकडे! अशी गर्जना झाली म्हणून सांगू, मुंगीची आई तर कुंपणावर चढून नाचत होती. मालकांनी वीटभट्टीवाल्याच्या खांद्यावरचा दोर नीट गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "या आता. चहा घेऊन जा." मुंगीने उतरल्याबरोबर आधी माझा तंग सैल केला, मग तांबडीला पाणी पाजलं आणि मग आईच्या गळ्यात पडली. माझी छाती, म्हणजे असती तर, फुगून शिवण उसवली असती.

आता त्याच मैदानात मुंगी शिकवते. सगळे तिला ताई म्हणतात. तांबडी म्हातारी झालीय, लहान मुलांनाच तेवढी पाठीवर घेते आणि मी तिच्याबरोबर. कधी घोड्यावर बसाल, तर बसण्याआधी माझ्याखाली हात घालून बघा, काडीकचरा टोचत नाही ना. उतरल्यावर माझा घाम पुसा. त्यापुढचं मी काय सांगू, ते ताईच रोज सांगते.

कालच पुलापाशी एक घाबरलेलं पोर तिला म्हणालं, "ताई, मी लगाम सोडला आणि तरी ही गेलीच नाही तर?"

"तर थांब," ताई म्हणाली. "तिचं बघून झालं नसेल."