वाचणाऱ्या बाईचा आवाज

यंत्रातल्या बाईचा आवाज पुन्हा बसलाय, असं भिवा म्हणाला, तेव्हा ती बाई इतक्या जोरात बोलत होती की चार खोल्या पलीकडे राजारामनं दाढी करता करता गाल कापून घेतला. कादंबरीत नुकताच दुसरा खून झाला होता.

यंत्र म्हणजे आंधळ्यांना पुस्तकं वाचून दाखवणारा डबा. एका संस्थेनं भिवाला दिलेला. जाडजूड बटणं, बोटांना कळावीत अशी. आत कुणा बाईनं वाचलेली एक लांबलचक रहस्यकथा होती. भिवा रोज तिचं एक प्रकरण ऐकायचा आणि त्याच्याबरोबर, इच्छा असो नसो, परळच्या त्या चाळीचा अख्खा मजला ऐकायचा. मजल्यावर दोन तट पडले होते. एका तटाच्या मते खून डॉक्टरनं केला होता, दुसऱ्याच्या मते मेहुण्यानं. भिवानं प्रकरण मागं घेऊन पुन्हा लावलं की खोल्याखोल्यांतून उसासे ऐकू यायचे. भिवा सोडून सगळ्यांना.

"ज्येष्ठमध दे तिला," राजाराम गालाला तुरटी लावत दारात येऊन ओरडला.

"कोण आलंय?" भिवानं विचारलं.

बकुळानं नवऱ्याच्या कानाला तोंड लावून सांगितलं, "राजाराम!"

"बघ," भिवा खुशीत म्हणाला. "किती हळू बोलतो. माणूस तसा उद्धट, पण माझ्यापुढं आवाज चढवत नाही."

बकुळानं राजारामला हातानंच गप्प राहायची खूण केली. गेली काही वर्षं ती या वाक्याला काहीच बोलत नव्हती.

भिवा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होता. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालत. तिथं आवाजाला कुणी विचारत नसे. माणसं नुसते ओठ हलवायची आणि समोरचा वाचायचा. भिवा लांबून, दोन रांगा ओलांडून, ओठांवरून शिव्या वाचायचा आणि तशाच परत पाठवायचा. मग संप झाला. संप संपला की नाही ते अजून कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही, पण गिरणी संपली. तिच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली, तिच्या दाराशी भिवा वॉचमन लागला. सलाम करायला कान लागत नाहीत. पुढं काचबिंदूनं डोळे नेले.

डोळे गेले हे डॉक्टरनं सांगितलं. कान त्याच्या कितीतरी आधी, साच्यांवरच गेले होते, ते कुणीच सांगितलं नाही. कळणार तरी कसं? घरीदारी तो डोळ्यांनीच ऐकत होता. डोळे गेले आणि सगळ्या जगानं आवाज खाली केला, एवढंच त्याला जाणवलं. कारण त्यानं स्वतःच शोधून काढलं. आंधळ्या माणसापुढं लोक हळू बोलतात, मान ठेवतात.

"गिरणीत कुणी विचारलं नाही, संपात कुणी विचारलं नाही," तो म्हणायचा. "आत्ता कुठं जरा माणसात जमा झालो, बकुळा."

हे ऐकल्यावर कुठली बायको सांगेल?

म्हणून ती त्याला पुन्हा हिंदमाताला घेऊन गेली. तिथं साड्यांच्या दुकानांच्या रांगेत, एका जिन्याखाली, जयवंतचं दुरुस्तीचं दुकान होतं. या यंत्राला हात लावणारा सबंध दादरात तो एकटाच, कारण बाकीचे ते उलटसुलट करून म्हणायचे, "यात टीव्ही दिसत नाही का?"

जयवंत यंत्र उघडायचा, फुंकर मारायचा, बंद करायचा आणि आवाज दोन घरं वाढवायचा. भिवाला वास यावा म्हणून उगाच कुठंतरी कथलाचा डाग द्यायचा. वास आला की भिवा मान डोलवायचा. काम झालं. हे सगळं बकुळानं पहिल्याच खेपेला त्याला बाजूला घेऊन, हात जोडून ठरवलं होतं.

"काकू, आता नाही जमायचं," जयवंत म्हणाला. भिवा दोन हातांवरच्या स्टुलावर बसला होता, तरी तो मोठ्यानं बोलत होता. "आवाज फुल आहे. याच्या पुढं बटणच नाही. मी किती फुंकरा मारू? काकांचे कान तपासा."

"कानाचं नाव नको काढू, बाबा."

"मशीन झकास आहे हो!"

"काय म्हणतोय?" भिवानं विचारलं.

बकुळानं त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "घसा तपासतोय बाईचा!"

जयवंतनं कपाळाला हात लावला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे. जयंतीच्या मिरवणुकीतला एक स्पीकर दुरुस्तीला आला होता, माणसाच्या छातीएवढा. त्यानं तो ओढून भिवाच्या पुढ्यात ठेवला, यंत्राची वायर त्यात खुपसली आणि बटण दाबलं.

"खुनी याच खोलीत आहे!" बाई म्हणाली.

सगळा हिंदमाता थबकला. समोरच्या दुकानात गादीवर नऊवारी पसरणारा माणूस नऊवारीसकट थांबला. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांकडं नव्यानं पाहिलं. एक हवालदार आत डोकावला.

"तुमच्यापैकी एकाचे हात रक्तानं माखले आहेत!" बाई पुढं म्हणाली. हवालदार आत आला.

"हां," भिवा मान कलती करून म्हणाला. "आत्ता कुठं काहीतरी येतंय. पण लांबून. शेजारच्या बिल्डिंगीत बोलतेय का ती?"

"बंद करा! कान फुटले!" नऊवारीवाला ओरडला. जयवंतनं बटणाकडं हात नेला, पण त्याआधी भिवाचा हात चाचपडत स्पीकरवर पडला.

तो तसाच राहिला. तळव्याखाली जाळी थडथडत होती. भिवाचा हात साच्यावरचा, यंत्र चालू आहे की बंद, हे त्याला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. त्यानं दुसराही हात ठेवला. बाई बोलत राहिली. भिवाचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, घर रिकामं केल्यावर खोली होते तसा.

"बकुळा," तो म्हणाला, "हे तर जोरात चाललंय."

बकुळानं पदर तोंडाला लावला.

"लोकं बघतायत?"

तिनं त्याचे दोन्ही हात उचलून स्वतःच्या गालांना लावले आणि मान हलवली. वरून खाली, एकदाच.

जयवंतनं बटण बंद केलं. भिवाला ते हातांनी कळलं नाही, कारण हात गालांवर होते. तो बराच वेळ तसाच बसून होता, ऐकत असल्यासारखा. हवालदारानं टोपी काढली आणि कशासाठी काढली ते न कळून पुन्हा घातली.

"म्हणजे राजाराम ओरडतच होता," भिवा शेवटी म्हणाला. "साला."

जयवंत कानाच्या मशीनबद्दल सांगू लागला, संस्थेत अर्ज केला तर मिळतं, आपण तेही रिपेअर करतो. तो हे बकुळाला सांगत होता. भिवा उठला. यंत्र त्यानं पिशवीत घातलं आणि हात जोडले. जयवंत जिथं उभा होता त्याच्या थोडा डावीकडं.

बाहेर रस्ता ओलांडायचा होता. भिवा फुटपाथच्या कडेला उभा राहिला, बकुळाचा हात धरून.

"सगळ्या मजल्याला माहितीये?"

तिनं हात दाबला.

"सगळ्यांना. आणि मी आपला मान ठेवतात म्हणून..." तो थांबला. "तुला कधीपासून माहितीये?"

याला हात दाबून उत्तर देता येत नव्हतं. ती नुसती धरून राहिली. गाड्या थांबल्या, माणसं ओलांडू लागली. हे दोघं जागचे हलेनात. मागं कपड्याच्या गठ्ठ्यांची हातगाडी अडली.

"ओ काका! साइड! साइड द्या! बहिरे आहात काय?"

बकुळा वळली. इतकी वर्षं गिळलेलं ती पहिल्यांदाच मोठ्यानं, भर रस्त्यात, परक्या माणसाच्या तोंडावर बोलली.

"हो! ऐकू येत नाही त्यांना!"

हातगाडीवाला ओशाळून मागं सरला. भिवानं तिचा हात ओढला.

"काय म्हणालीस?"