पाटीवरची चार चाकं

मित्रांनो, माझा जन्म बेचाळीस सालचा. मी लष्कराचा ट्रक. माझ्या केबिनमध्ये पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर साल आहे, आणि चारी चाकं ओढतात असंही लिहिलं आहे. साल खरं आहे. चाकांचं एके काळी खरं होतं.

लढाई संपत आली तेव्हा डेपोतल्या मिस्त्रीने माझ्या पोटाखालचा एक शाफ्ट काढला. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना पोचवणारा तो जाड लोखंडी दांडा. दुसऱ्या ट्रकचा मोडला होता, त्याला माझा बसवला. पाटी मात्र कुणी बदलली नाही. पुढच्या चाकांचा लिव्हरही केबिनमध्ये तसाच राहिला. ओढला की खट् वाजायचा. नुसता वाजायचा.

सेहेचाळीस साली सांगलीच्या जयपालशेठनी मला लिलावात घेतलं. ते हळदीचे व्यापारी. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मानसिंगला बोलावलं. हा माण तालुक्यातला, फौजेत नऊ वर्षं ड्रायव्हर. आमच्याकडे फौजेतून आलेला माणूस बोलला की विषय संपला. पेढीसमोर माणसं जमली. मानसिंग कडक इस्त्रीची खाकी घालून आला. त्याने पाटी वाचली, लिव्हर ओढला, खट् ऐकलं.

"बेचाळीसचं मॉडेल हाय, शेठ. चारी चाकं वढत्यात. भिताडावर बी चढंल."

"खालनं बघितलंत का?" शेठनी विचारलं.

"नऊ वर्सं हेच चालवलंय आमी."

इस्त्री मोडायची नव्हती त्याला, दुसरं काय.

वाकून पाहिलं ते एकट्या दगडाबाईने. ती पेढीवर पोती शिवायची, नवरा ज्ञानू तिथंच हमाल. दुपारी माझ्या सावलीला भाकरी खायला बसली आणि तिची नजर माझ्या पोटाखाली गेली.

"आवं," ती मानसिंगला म्हणाली, "मागच्या चाकांकडं दांडा गेलाय. पुढं कायबी न्हाई. नुसती भोकं हायती."

"तू पोती शिव गं बाई," मानसिंग म्हणाला. सगळे हसले. ज्ञानूही हसला. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या वर्षी माणात गुरांना वैरण उरली नाही. शेठनी कडबा पाठवायचं ठरवलं. "चारी चाकं हायती, भरा दुप्पट," आता मला चालवणाऱ्या मानसिंगने सांगितलं. उतरवायला ज्ञानू बरोबर आला. माणगंगेचं पात्र कोरडं ठणठणीत, घोट्याएवढी वाळू. कसाबसा पलीकडे गेलो, चढणीला लागलो, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मानसिंगने लिव्हर ओढला. खट्. पुढची चाकं ढिम्म.

"ज्ञानू, चाकामागं दगड लाव रं."

ज्ञानू दगड घेऊन वाकला आणि ब्रेक दाबलेला असूनही दुप्पट ओझ्याने मी भुसभुशीत चढणीवरून मागे घसरलो. त्याचा उजवा पाय माझ्या चाकाखाली आला. पुढे तो गुडघ्यापासून कापावा लागला. ते वजन माझं होतं, मित्रांनो. मी ते विसरत नाही.

त्या दिवशी मानसिंग पहिल्यांदा माझ्याखाली शिरला. त्या भोकांवरून त्याने हात फिरवला. मग बाहेर आला, अंगावरची वाळू झटकली आणि सांगलीला जाऊन शेठना म्हणाला, "ब्रेक गेला व्हता."

माझा ब्रेक चांगला शाबूत होता.

शेठनी मला विकायला काढलं. खंडाळ्याचे लालासाहेब बघायला आले. साल आणि चाकं त्यांनीही मानसिंगलाच विचारली. त्याने नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. तेवढ्यात दगडाबाई पुढे आली. "सायेब, ह्याची पुढची चाकं वढत न्हाईत. खाली वाकून बघा."

मानसिंगने लालासाहेबांना बाजूला घेतलं. "तिच्या नवऱ्याचा पाय गेलाय. तवापासनं डोकं ठिकाणावर न्हाई तिचं."

लालासाहेब हळहळले. खाली मात्र वाकले नाहीत. सौदा पक्का झाला.

आता मी खंबाटकीच्या घाटात गूळ वाहतो. मित्रांनो, कुठलंही यंत्र घ्याल तर पाटी वाचून भुलू नका. खाली वाका, कपडे मळू द्या. आणि एवढंही होत नसेल, तर निदान चढणीवर माझ्यामागे दगड घेऊन माणूस उभा करू नका. लालासाहेबांनी कालच एक ठेवला आहे. सिद्धू त्याचं नाव.