बारा व्होल्ट कुठे गेले

आमचे हे, जमाल, बोटीवर विजेचं काम करणारे. घरी आले तरी यांच्या डोक्यातली बोट काही किनाऱ्याला लागत नाही. व्होल्ट म्हणजे रेटा, अँपिअर म्हणजे ओघ. रेट्याला ओघाने भागलं की तारेचा अडथळा निघतो, गुणलं की ताकद. लग्न झाल्यापासून हेच ऐकते आहे. कांदा चिरताना ऐकते, कपडे वाळत घालताना ऐकते. डोकं पिकणार नाही तर काय होणार माझं!

तर आमच्या लेकीच्या, मैमुनाच्या निकाहाला राजिवड्यात विजेचे दिवे लावायचं यांनीच मनावर घेतलं. माझे मोठे दीर गुलाम रसूल यांची भाताची गिरण. तिथलं इंजिन आणि डायनामो आणून मागीलदारी बसवले. अंगणात माडाच्या झापांचा मांडव, मधे पडदा: अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. तार बायकांच्या डोक्यावरून पुरुषांकडे गेली. दुपारी यांनी मोजून पाहिलं, इंजिनापाशी एकशेदहा व्होल्ट, शेवटच्या दिव्यापाशी एकशेआठ. एवढी घट चालते, म्हणाले. मागाहून दिरांना सजावटीची हौस आली. मांडववाल्यांनी नवरीच्या बैठकीवर कागदाची झालर टांगली, आणि टांगताना तार ओढून बाजूला सारली.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर बुरोंडीहून नवऱ्याची वरात आली, दिवे लागले. मला उजेड जरा पिवळट वाटला, पण मैमुना त्यात इतकी गोड दिसत होती की मी तिलाच पाहत राहिले. तेवढ्यात यांनी मला मागच्या दाराशी बोलावलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

शेवटच्या दिव्यापाशी आता अठ्ठ्याण्णवच व्होल्ट पोचत होते. बारा व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते, आणि ओघ दहा अँपिअरचा. भागलं तर अडथळा एक पूर्णांक दोन ओहम, दुपारच्या सहापट. गुणलं तर एकशेवीस वॅट. पुरुषांकडची सगळी तार हे हाताने चाचपून आले होते, ती गार होती.

"खुर्शीद, दोन दिव्यांएवढी आग बायकांच्या मांडवात तारेच्या एखाद्या सांध्यात कोंडली आहे," हे म्हणाले. "आणि मला आत येता येत नाही."

मी आत जाऊन वर पाहिलं. दिव्यांनी डोळे दिपत होते, काही दिसेना. जळका वास घ्यावा तर सगळीकडे उदाचा धूर.

परत आले तर यांना दिवे बंद करायचे होते, आणि दीर खटका अडवून उभे. निकाह सुरू होतोय, नवरीच्या डोक्यावर काळोख म्हणजे अपशकुन, बुरोंडीकर उठून जातील, असं यांना सुनावत होते. दिवे तर चांगले जळताहेत, मग आकड्यांचं भूत कशाला नाचवतोस, म्हणाले. थोरल्या भावापुढे हे मागे सरले. उभ्या जन्मात दिरांपुढे मी मान वर केली नव्हती. त्यांचा हात बाजूला सारला आणि खटका ओढला.

गुडुप अंधार झाला. पडद्यापलीकडे गलका उसळला. असल्या घरची मुलगी नको, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. पोरीचं वाटोळं मीच केलं, असं वाटून मी भिंत धरत मांडवात शिरले आणि तिला हाक मारली.

"अम्मा," मैमुना काळोखातून म्हणाली, "माझ्या डोक्यावर झालरीआडचा तांबडा दिवा विझलाच नाही."

तांबडा दिवा आम्ही लावला नव्हता.