मोतीमायची सोन्याची कांडी

आरोग्य खात्याचे साहेब, तुम्हाला माहीत होतं. बोईसरजवळच्या सरावलीतल्या त्या गाळ्यासमोरून तुमची गाडी जाते. रांग रस्त्यावर आली की तुमचाच ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. बाया हसत आत जातात आणि तोंडाला ओढणी लावून बाहेर येतात, हे दिसलं नाही असं सांगू नका. दिसलं, आणि तुम्ही काच वर केली.

मग आत काय चालायचं तेही ऐका.

आत मोतीमाय बसायची. कंपनीतून सुटलेल्या पोरी, चाळीतल्या बाया, मनोरहून जीप करून आलेल्या सासवा-सुना, पाय ठेवायला जागा नाही. मोतीमाय पेल्यात मोती टाकायची. मोती फसफसायचा, विरघळून जायचा. मग ती सोनेरी कांडी उचलायची.

"सुई नाय, टोचणं नाय. दर्यादेवीने गळ्यातला मोती दिलाय. ज्याचे ओठ पातळ, त्याचं पुण्य पातळ."

कांडी ओठाला लागायची, ठक् वाजायचं, ओठ डोळ्यांदेखत वर यायचा. बाया हात जोडायच्या. ओठांच्या जाडीवर पुण्य ठरत असेल तर म्हैस केव्हाच स्वर्गात पोचली असती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घिवलीची हिरा बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिची तेजल तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. सोबतच्या पोरी तिला पातळ ओठांवरून 'सुकी मांदेली' म्हणायच्या. ते मनाला लागलं आणि तेजल रांगेत उभी राहिली. पहिल्या खेपेला ओठ बरा दिसला. पुढे डावी बाजू कमी वाटली, म्हणून एक थेंब. मग उजवी कमी वाटली. असं सारखं करता करता वरचा ओठ नाकाला टेकायला निघाला.

"काय गो हे?" हिरा म्हणाली. "फुगा मासा दिसतेस. जाल्यात आला तर आमी परत दर्यात टाकतो त्याला."

"तुला काय कलतं आई. फॅशन हाय."

"मंग फॅशनने चहा पिऊन दाखव."

तेजलच्या हनुवटीवरून चहा ओघळला. दोघी हसल्या, पण तेजलच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी ती ओठ उतरवून घ्यायला गेली.

"देवीचं दान परत करतात का, वेडे?" मोतीमाय म्हणाली. "खालच्या ओठात थोडं घालू, म्हणजे वरचा आपोआप लहान दिसेल."

ठक् वाजलं आणि खालचा ओठ पांढराफटक पडला. तेजल कळवळली.

"मोत्याचा रंग आला," मोतीमाय गर्दीला म्हणाली. "देवी प्रसन्न हाय. आता डॉक्टरची सुई लागली तर कोप होईल."

हिराचा मोतीमायवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास बर्फावर होता. बर्फात ठेवलेलं नासत नाही, यावर तिच्या आईचं पोट चाललं, तिचं चाललं. तिने मासळीच्या पेटीतला बर्फ फोडला, फडक्यात बांधला आणि पोरीच्या ओठावर धरला. वितळला की दुसरा. ठणका दबला, तशी तिला वाटलं उतार पडला. पांढऱ्यावर निळंजांभळं जाळं उमटलं, मग कड काळी पडायला लागली. तेव्हा कुठे ती पोरीला घेऊन पालघरला डॉक्टर रिद्धी यांच्याकडे धावली.

डॉक्टरांनी ओठ दाबून पाहिला. दाबलेल्या जागी रक्त परत येईना.

"कांडीतला चिकट रस रक्ताच्या नळीत अडकलाय. ओठ पांढरा पडला तेव्हाच का नाही आणलंत?"

"बर्फ लावत व्हते ना. बर्फात नासत नाय."

"बर्फाने मेलेली मासळी टिकते, मावशी. जित्या ओठाला रक्त लागतं. बर्फाने नळ्या आणखी आवळल्या."

हिरा खाली बसली. "माजा हात काप बाय, पण पोरीचा ओठ वाचव."

हा रस विरघळवणारं औषध असतं. डॉक्टरांनी ते टोचलं. फुगवटा उतरला, वरचा ओठ जागेवर आला. ज्यांचे ओठ नुसते जास्त फुगलेत त्यांचं एवढ्यावर भागतं, रस त्याच जातीचा असला तर. पण तेजलच्या खालच्या ओठाची काळी कड मेली होती. ती गळून पडली. तेजल आता 'प' म्हणायला गेली की वारा निघतो. ती कामावर जात नाही. आरसा तिने भिंतीकडे फिरवून ठेवलाय.

डॉक्टर हिराबरोबर सरावलीला आल्या. तशीच कांडी त्यांनी मोबाइलवरून मागवली होती. गर्दीसमोर त्यांनी शिंपल्याचा मणी व्हिनेगरमध्ये टाकला. तोही तसाच फसफसला. मग कांडीत निळी शाई भरली आणि हिराच्या पाटीतल्या सुरमईवर टेकवली. ठक्. परत ठक्. हिराने कोयत्याने सुरमई चिरली. एका जागी शाई कातडीखालीच होती, दुसऱ्या जागी पार काट्यापर्यंत गेलेली.

"आत स्प्रिंग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सुई नाही, पण जोर आहे. रस आधीच भरलेला असतो, मोत्याचा त्यात काही संबंध नाही. आणि तो कुठे जाऊन बसेल हे ही बाईसुद्धा सांगू शकत नाही."

पुढच्या बाया रांग सोडून सुरमई बघायला वाकल्या. हिराला वाटलं, आता रांग मोडेल.

"मासळीला कुठे श्रद्धा असते?" मोतीमाय गोड हसली. "आणि त्या पोरीची कच्ची निघाली."

कुणीतरी खुदकन हसलं. रांग पुन्हा सरळ झाली. रांगेत हिराच्या बहिणीची सपना होती. हिराने तिचा हात धरला.

"सपना, तू तेजलला बघितलंस ना गो?"

"मावशी, तिने बर्फ लावला. मी नाय लावनार."

सपनाने हात सोडवून घेतला आणि ती आत गेली.

बायांनो, ओठ पांढरा पडला, ठणकला, तर माय नको, नवस नको, बर्फ नको. त्याच घटकेला डॉक्टर गाठा. ज्याला शरीरातल्या रक्ताच्या वाटा माहीत नाहीत, त्याच्या हाती तोंड देऊ नका. हे मी लिहितोय आणि ठाऊक आहे, रांगेतली बाई हे वाचणार नाही.

पण साहेब, तुम्ही वाचताय. गाळा उघडा आहे. ही कांडी वापरायचा हक्क या बाईला कुणी दिला? आणि दिला नसेल, तर तिचा हात कुणी धरायचा होता? उद्या सपनाच्या आईने कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? नाव सांगा.