गाईडपट्टी वाकली कशी

फोरमननी पोलादी फूटपट्टी गाईडला टेकवली, एक डोळा मिटला आणि मधल्या फटीतून उजेड येतो का ते पाहिलं. पुढच्या टोकाला काही नव्हतं. मागच्या टोकाला मात्र नख आत जाईल एवढी फट होती.

"वरून फळी पडली म्हणे," ते स्वतःशीच पुटपुटले. "वरून!"

कटर मशीनच्या टेबलावर, फिरत्या गोल पात्याच्या उजव्या अंगाला, ही हातभर लांबीची ॲल्युमिनियमची गाईडपट्टी असते. तिला टेकवून फळी पुढे सरकवायची, म्हणजे काप सरळ येतो. ती वाकली की मशीन कितीही भारी असो, काप वाकडाच. कारखान्यात लाकडी साचे बनवण्यात एकतीस वर्षं घालवून फोरमन निवृत्त झाले आणि घरामागच्या खोलीत त्यांनी हे सगळं थाटलं. अकरा वर्षांत तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. बायकोला झाडू मारायचीसुद्धा परवानगी नव्हती. "तुमचा भुसा तुम्हालाच लखलाभ," म्हणून तिने कधीच अंग काढून घेतलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी जावयाला खोलीची दुसरी किल्ली दिली, तेव्हा घरात सगळे बघतच राहिले. जावई कचेरीत कागद हलवणारा माणूस, पण फळी हातात घेतली की आधी तिच्या रेषा बघायचा, मग तोंड उघडायचा. फोरमनना ते आवडलं होतं. आपल्या मागे ही हत्यारं भंगारवाल्याकडे जाणार नाहीत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं.

आणि आता हे.

मोडतोडीचा राग त्यांनी गिळला असता. त्यांना खुपत होती ती जावयाची कबुली. विचारल्या विचारल्या तो म्हणाला होता, "हो बाबा, माझीच चूक. भिंतीला उभी केलेली जाड फळी घसरून गाईडवर पडली. मी नवीन आणून देतो." एका दमात. ना अडखळला, ना डोकं खाजवलं. फोरमननी कारखान्यात शेकडो चुका पकडल्या होत्या, पण पहिल्या फटक्यात कबूल झालेला माणूस त्यांना भेटला नव्हता. माणूस आधी मशीनला दोष देतो, मग लाकडाला, मग शेजारच्याला, आणि सगळे संपले की नाइलाजाने स्वतःला. हा पठ्ठ्या थेट शेवटच्या पायरीवरच उभा! त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

"किल्ली द्या," ते तेव्हाच म्हणाले होते. जावयाने मुकाट्याने किल्ली काढून टेबलावर ठेवली होती. त्याने हुज्जत घातली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

आज जेवायला म्हणून मुलगी आणि जावई सकाळीच आले होते. मघाशी फोरमन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर मायलेकींची कुजबुज एकदम थांबली.

"काय चाललंय?"

"काही नाही हो. मीठ किती घालायचं ते बोलत होतो."

"चाळीस वर्षं स्वयंपाक केल्यावर आज मिठाचा प्रश्न पडला?"

बायकोने त्यांच्याकडे न बघता पातेल्यावर झाकण ठेवलं. मुलीने पेला विसळून त्यांच्या हातात दिला आणि घाईने बाहेर गेली. सगळे सामील आहेत, फोरमननी मनाशी नोंद केली. कुठेतरी पाणी मुरतंय.

ते कामाला लागले. गाईड टेबलावरून काढून त्यांनी बाकावर आडवी घातली. तिच्या अंगाला लावलेली सागाची पातळ पट्टी मागच्या बाजूला उभी चिरली होती. ती त्यांनी स्क्रू काढून सोडवली आणि खालच्या ॲल्युमिनियमवरून बोट फिरवलं. वरच्या कडेला एक ओरखडा नाही. पोचा होता तो अंगाला, पात्याच्या बाजूने, आतून बाहेर ढकलल्यासारखा. वरून पडलेली फळी असं कुठे ढकलते? म्हणजे जावई खोटं बोलला होता. नक्कीच कुणा मित्राला घेऊन आला असणार, 'बघ आमच्या सासऱ्यांचं मशीन' म्हणून. मित्राने खेळणं समजून काहीतरी घातलं, वाट लावली, आणि आता हा त्याच्यावर पांघरूण घालतोय.

पोच्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे धरून त्यांनी शिकंजा लावला. पाव फेरा आवळायचा, थांबायचं, फूटपट्टी लावून बघायचं, परत पाव फेरा. ॲल्युमिनियमला घाई केली की ते तडकतं. तासाभराने फट मिटली. मग त्यांनी सागाची नवी पट्टी रंधून बसवली आणि गाईड परत टेबलावर चढवली. आता ती पात्याला समांतर आहे की नाही, एवढं बघायचं राहिलं होतं.

त्याची त्यांची रीत ठरलेली होती. पातं जुन्या पद्धतीचं, ते स्वतः कानशीने धार लावत ते. त्याचा एक दात उजवीकडे झुकलेला, पुढचा डावीकडे, असे आळीपाळीने. म्हणून एकाच दातावर लाल पेन्सिलने फुली मारायची, पुढे त्या दातापासून गाईडपर्यंत मापायचं, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि तिथे मापायचं. दात बदलला की माप चुकलं.

त्यांनी मशीनची पिन विजेच्या बोर्डातून काढली, दिवा खाली ओढला आणि फुली शोधली. सापडली. तिच्या शेजारच्या दातावर आणखी एक फुली होती.

"हां!" फोरमन जवळजवळ खूश झाले. "म्हणजे सेटिंगला पण हात घातलाय!"

त्यांनी गाईडच्या डोक्यावरचे, तिचा कोन पक्का करणारे बोल्ट बघितले; गाईड काढता-चढवताना ते सोडवावे लागत नसत. बोल्ट आवळून झाले की ते त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. कुणी पाना लावला तर ठिपका तुटतो. चारही ठिपके अखंड होते. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः आवळल्यापासून बोल्ट कुणी हलवलेच नव्हते.

त्यांनी चष्मा पुसला आणि दिवा अजून जवळ घेतला. दोन्ही फुल्यांच्या शेवटी खाली वळलेलं शेपूट होतं. अशी फुली ते एकटेच मारत. साच्यांवर हजारो मारल्या होत्या.

फोरमननी पहिली फुली पुढे आणून मापलं. दुसरी मागे नेऊन मापलं. माप तंतोतंत जुळलं. मग पहिलीच फुली मागे नेली आणि परत मापलं. गाईड मागच्या टोकाला मिलिमीटरभर आत होती, पात्याकडे.

म्हणजे गेल्या महिन्यात त्यांनी पुढे एका दातावरून मापलं होतं आणि मागे शेजारच्या. ते स्टुलावर बसले. महिनाभर ही गाईड मागच्या बाजूने पात्याकडे झुकलेली होती. अशा गाईडला लावून फळी सरकवली की ती शेवटी पात्यात आणि गाईडमध्ये चिमटते, गाईडला आतून बाहेर ढकलते. मागचे दात तिला उचलतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर फेकतात. ही चूक करणाऱ्या कामगाराला फोरमन त्याच पावली घरी पाठवत. एकदा एकाच्या बरगड्या मोडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. हातातली मोजपट्टी त्यांना कुठे ठेवावी कळेना.

"जावईबापू!" त्यांनी हाक मारली.

जावई आला. त्याच्या मागोमाग मुलगीही दारात येऊन उभी राहिली.

"फळी कुठे लागली?"

"गाईडवर, बाबा. मी म्हटलं ना, भिंतीवरून घसरून—"

"तुम्हाला कुठे लागली, ते विचारतोय मी."

जावयाने मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याने सावकाश सदरा वर केला. बरगड्यांच्या खाली तळहाताएवढा डाग होता, कडेने पिवळा पडत चाललेला.

"डॉक्टर?"

"दाखवलंय. हाड शाबूत आहे म्हणाले."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"काय सांगणार होतो, बाबा? गाईड तुमच्याच हातून तिरकी बसली म्हणून?" मुलगीच बोलली. "तुम्ही दुसऱ्या दिवशी मशीन विकलं असतंत आणि घरात नुसते बसून राहिला असतात. आईला तीच भीती."

इतके दिवस ते चोर शोधत फिरत होते, आणि सगळं घर त्यांना त्या चोरापासून जपत होतं. त्यांना लाज वाटली, सरळ लाज. त्यांनी पाना उचलला, चारही बोल्ट ढिले केले, चिंधीने दोन्ही फुल्या पुसल्या आणि पेन्सिल जावयासमोर धरली.

"दात तुम्ही निवडा."

"मी?"

"तुम्हीच."

जावयाने वाकून एका दातावर खूण केली, मोजपट्टी लावून पुढचं माप घेतलं, मग पातं हळूहळू फिरवत तो दात मागे नेला. टेबलाच्या त्या टोकाला दिव्याचा उजेड जरा कमीच पोचत होता.

"इथून मापतो. खूण दिसतेय ना, बाबा?"

फोरमन पुढे झुकले. चष्मा नाकावर वर सरकवला, खाली आणला, परत वर नेला.

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."